ग्रंथ वाचून झाला, पण अभिमान कशाचा?

मित्रांनो, अगदी खरं सांगा. फर्स्ट इयरपासून आजपर्यंत आपण किती पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली? मॅथ्सचं ग्रेवाल प्रत्येकाच्या रूममध्ये आहे. त्याचा उपयोग उशाला, दार उघडं ठेवायला आणि कधीकधी अभ्यासालाही होतो. पण 'ग्रेवाल संपवलं' असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आपण पुस्तकं वाचत नाही, युनिट वाचतो. त्यातही इम्पॉर्टंट क्वेश्चन्स वाचतो, आणि पी.एल. लागल्यावर तर फक्त मागच्या पाच वर्षांचे पेपर वाचतो. सबमिशन, व्हायवा, पेपर या चक्रात दुसरं होणार तरी काय!

हे फक्त आपल्याच कॉलेजात होतं असंही नाही. स्टीफन हॉकिंग यांचं 'अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम' १९८८ साली आलं आणि जगभर प्रचंड खपलं. पण 'सगळ्यांच्या घरात असलेलं आणि कुणीच पूर्ण न वाचलेलं पुस्तक' अशी त्याची थट्टा झाली. २०१४ मध्ये जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने गमतीने एक मोजमाप काढलं. किंडलवर वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्यं पुस्तकात कुठपर्यंत सापडतात, त्यावरून वाचक सरासरी किती दूर पोहोचला याचा अंदाज बांधायचा. त्याला त्याने नाव दिलं 'हॉकिंग इंडेक्स'. हॉकिंग यांच्या पुस्तकाचा आकडा आला जेमतेम ६.६ टक्के!

मग एखादं कठीण पुस्तक खरोखर शेवटपर्यंत वाचलं, तर अभिमान वाटणं साहजिक नाही का? मला वाटला. भरपूर वाटला. ज्या ग्रंथामुळे वाटला, त्याच ग्रंथाने तो उतरवलाही. तो ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी. तो कसा वाचायचा, कुठे अडायला होतं आणि संपल्यावर अभिमान नेमका कशाचा बाळगायचा, याचा अभ्यास म्हणून हा लेख लिहीत आहे.

ग्रंथाची थोडक्यात ओळख

ज्ञानेश्वरीचं मूळ नाव 'भावार्थदीपिका'. भगवद्गीतेच्या सातशे श्लोकांवर मराठीत सांगितलेली ही टीका आहे. इथे टीका म्हणजे क्रिटिसिझम नव्हे, तर अर्थ उलगडून सांगणं. (हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं, हेही इथेच कबूल करते.) शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरा नदीकाठी नेवासे इथे ज्ञानेश्वरांनी हा ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. परंपरेने सांगितलेलं जन्मसाल धरलं तर तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय होतं पंधरा वर्षं. पंधराव्या वर्षी आपण दहावीच्या गाईडमधून 'रिकाम्या जागा भरा' पाठ करत होतो!

ग्रंथ हाताने उतरवून घेतला जात असल्याने पुढच्या तीनशे वर्षांत त्यात चुका शिरल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून, ताडून पाहून, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. आजच्या भाषेत म्हणायचं तर ग्रंथाचं डीबगिंग केलं. आणि काम संपल्यावर त्यांनी बजावलं की यात जो आपली ओवी घुसडेल, तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवेल. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथांच्याही आधीची मानलेली एक प्रत मिळवून १९०९ मध्ये छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. म्हणजे सातशेहून अधिक वर्षं हा ग्रंथ एकेका माणसाने कष्टाने पुढच्या माणसाच्या हातात दिला आहे. आपण तो उघडतो तेव्हा या रांगेत शेवटी जाऊन उभे राहतो.

मी का उघडला?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी म्हणजे शंभर मार्कांचा एक पेपर, तोही कसाबसा काढायचा. इंग्लिश कादंबरी मी दोन दिवसांत संपवते, पण मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागायचं. एकदा मेसमध्ये कुणीतरी म्हणालं, "हिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही." सगळे हसले, मीही हसले. पण ते मनात राहिलं.

त्याच दिवाळीत मी आबांकडे, म्हणजे आजोबांकडे, नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. आबा एस.टी.त कंडक्टर होते. बरीच वर्षं मलकापूर-बुलढाणा गाडीवर होते. आता मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. देवघराशेजारच्या फडताळात त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी होती, लाल कापडात बांधलेली. सोडून पाहिली तर मधोमध एक जुनं, पिवळं पडलेलं एस.टी.चं तिकीट. तेराव्या अध्यायात, दोनशेव्या ओवीच्या थोडं पुढे.

"आबा, हे तिकीट इथे का?"

"तिथलोग वाचलं व्हतं. मंग राह्यलं."

सप्ताहात आबांनी कितीतरी पारायणं केली होती. पण एकेका ओवीचा अर्थ लावत, एकट्याने वाचायला घेतलेली ज्ञानेश्वरी तिथे थांबली ती थांबलीच. मी मोबाईलवर हिशोब केला. आबांचा हॉकिंग इंडेक्स निघाला सुमारे ४८ टक्के! त्याच दिवशी ठरवलं की ते तिकीट आपण ओलांडायचं. तेव्हा हेतू भक्तीचा नव्हता, मेसमधल्या त्या हसण्याला उत्तर देण्याचा होता.

आकडेमोड : हा ग्रंथ 'अर्धा' कुठे होतो?

आता जरा इंजिनिअरिंगच्या डोक्याने बघू. प्रचलित प्रतीत ज्ञानेश्वरीच्या ९०३३ ओव्या धरतात. (छापील आवृत्त्यांत एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक दिसतो.) अध्याय अठरा. त्यामुळे आपल्याला वाटतं की नऊ अध्याय झाले म्हणजे अर्धा ग्रंथ झाला. इथेच फसगत होते.

सगळ्यात लहान अध्याय पाचवा, फक्त १८० ओव्यांचा. सगळ्यात मोठा अठरावा, १८१० ओव्यांचा, म्हणजे पाचव्याच्या दहापट. पहिल्या नऊ अध्यायांची बेरीज होते २८४४, म्हणजे एकूण ग्रंथाच्या एक तृतीयांशही नाही. बारा अध्याय संपले की होतात ४१३४. अध्यायांच्या हिशोबाने दोन तृतीयांश काम झालं, पण ओव्यांच्या हिशोबाने अजून निम्मंही नाही! आणि लगेच समोर उभा राहतो तेरावा अध्याय, ११७० ओव्यांचा. तेरावा आणि अठरावा हे दोनच अध्याय मिळून ग्रंथाचा तिसरा हिस्सा होतात.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे पटकन समजेल. मलकापूरहून गाडी निघाली की मोताळ्यापर्यंत रस्ता कसा सपाट असतो. वाटतं, आलंच बुलढाणा. आणि मग राजूर घाट लागतो. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण गिअर बदलावा लागतो. ज्ञानेश्वरीलाही असं घाटाखाली आणि घाटावर आहे. बारा अध्याय घाटाखालचे आणि तेराव्यापासून चढ. बरेच वाचक या चढावर गाडी बंद पडली की स्वतःला दोष देतात आणि उतरून जातात. चढ आहे हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही, गिअर बदलतो.

मी रोज ३० ओव्या ठरवल्या. ९०३३ भागिले ३० म्हणजे ३०१ दिवस. त्यात तेराव्यालाच ३९ दिवस आणि अठराव्याला ६० दिवस. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, म्हणजे मध्येच 'अजून हाच अध्याय चालू?' असं वाटू नये. पेपर आणि प्रॅक्टिकलचे दिवस जमेस धरून प्रत्यक्षात मला अकरा महिने लागले.

अडायला कुठे होतं?

पहिली अडचण शब्दांची. 'कवण' म्हणजे कोण, 'निकें' म्हणजे चांगलं, 'कीर' म्हणजे खरोखर, 'येर' म्हणजे दुसरा, 'मागुती' म्हणजे पुन्हा. सुरुवातीला प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द अडतात. पण गंमत अशी की हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दोन अध्यायांत मी वहीत शंभरेक शब्द लिहिले असतील. नंतर नवीन शब्द लिहिण्याची वेळ कमी कमी होत गेली. मी अडले की रविवारी आबांना फोन करायचे. निम्मे शब्द त्यांना हरिपाठामुळे आणि अभंगांमुळे आधीच माहीत होते.

दुसरी अडचण वाक्याची, आणि ती जास्त मोठी. ओवीला चार चरण. पहिल्या तिघांत यमक जुळतं, चौथा आखूड असतो आणि सुटा राहतो. आपल्याला वाटतं, ओवी संपली म्हणजे वाक्य संपलं. तसं नसतं! ज्ञानेश्वर एकामागून एक दृष्टांत देत जातात. 'जैसें' असं होतं, 'कां' तसं होतं, 'ना तरी' आणखी तिसरं होतं, आणि मग तीन-चार ओव्यांनंतर 'तैसें' येतं. मुख्य मुद्दा त्या 'तैसें'नंतर असतो. म्हणून मी एक युक्ती केली. कुठे अडलं की आधी पुढे जाऊन 'तैसें' शोधायचं, मुद्दा समजून घ्यायचा आणि मग मागे येऊन दृष्टांत वाचायचे. प्रोग्राम वाचताना आपण आधी फंक्शन काय रिटर्न करतं ते बघतो ना, तसंच. या एका युक्तीने माझं निम्मं काम सोपं झालं.

तिसरी अडचण माझी स्वतःची. सुरुवातीला मी सोपा रस्ता म्हणून इंग्लिश भाषांतर घेतलं. वि. गो. प्रधान यांचं इंग्रजी भाषांतर १९६० च्या दशकात युनेस्कोच्या ग्रंथमालेत निघालेलं आहे. भाषांतर उत्तम आहे आणि मला ते भराभर समजलंही. पण दोन अध्यायांनंतर लक्षात आलं की इंग्लिशमध्ये मी तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाचतेय आणि मराठीत शेत, स्वयंपाकघर, नदी, गोठा वाचतेय. टिटवी चोचीने समुद्र उपसायला निघते, भुंगा कोरडं लाकूड पोखरतो पण कमळाच्या कोवळ्या कळीत अडकून पडतो, बागेतलं पाणी माळी नेईल तिकडे मुकाट्याने जातं... हे मराठीत वाचताना समोर दिसतं. त्यानंतर मूळ ओवीवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. आधी ओवी मोठ्याने, मग खालचा अर्थ, मग पुन्हा ओवी. शेवटची ओवी मनात आणि इंग्लिश भाषांतर फक्त अगदीच अडलं तर.

आणि रोजचा एक दृष्टांत आपल्या शब्दांत वहीत लिहायचा. दोन ओळी बस.

पारायण आणि अभ्यास

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माझाही होता. आपल्याकडे गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. सात दिवसांत अख्खी ज्ञानेश्वरी. ९०३३ भागिले ७ केलं तर रोज सरासरी १२९० ओव्या येतात. (ग्रंथाचं सालही १२९०! योगायोगच, पण मला फार आवडला.) एका ओवीला दहा सेकंद धरले तरी रोजचे साडेतीन तास. मी मनात म्हणायचे, एवढ्या वेगात यांना काय समजत असेल?

पण अकरा महिन्यांनंतर माझं मत बदललं. पारायणात माणूस अर्थासाठी थांबत नाही, हे खरं. पण तिथे तो एकटा नसतो. शेजारचा पुढे चालला की आपणही चालतो. न समजलेली ओवी कानावरून जाते, पुढच्या वर्षी पुन्हा जाते, आणि कधीतरी कीर्तनात तिचा अर्थ सुटतो. मला वहीत लिहावे लागलेले शब्द आबांना ऐकूनच माहीत होते, ते उगीच नाही. उलट अर्थ लावत एकट्याने वाचणाऱ्याला ढकलणारं कुणी नसतं, त्यामुळे तो तेराव्यात थांबतो. म्हणजे पारायण गाडी थांबू देत नाही आणि अभ्यास गाडी कुठून चालली ते बघायला लावतो. दोन्ही लागतात. मी रविवारचा फोन सुरू ठेवला नसता, तर माझंही तिकीट कुठेतरी मधेच राहिलं असतं.

संपल्याचा दिवस

शेवटी तो दिवस आला. अठरावा अध्याय संपला. रात्री साडेअकरा वाजता, हॉस्टेलच्या जिन्यात, कारण रूमपार्टनर झोपली होती. डोळ्यांत पाणी आलं हे खोटं नाही. मग मी काय केलं? लगेच शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं : '९०३३ ओव्या. १८ अध्याय. डन!' खाली दंडाच्या बेटकुळीचं चित्र. मेसमध्ये हसलेले सगळे ते बघतील, याची खात्री करून घेतली. सकाळपर्यंत खूप अभिनंदन आलं. फार फार बरं वाटलं.

मग आबांना फोन केला. ते आनंदले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, माह्या तिकिटापाशी काय लिहेल हाय थे सांग बरं. मले आता आठवत नाही."

मला सांगता येईना. तेरावा अध्याय मी चार महिन्यांपूर्वी वाचला होता. मी वही काढली, पानं उलटली. त्या दिवसाखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसं ज्ञानी माणूस आपलं चांगलं काम झाकून ठेवतो.'

मित्रांनो, तेराव्या अध्यायात ज्ञानी माणसाची लक्षणं सांगितली आहेत. गीतेत ती फक्त पाच श्लोकांत येतात, पण ज्ञानेश्वर त्यावर शेकडो ओव्या सांगतात. एकट्या अहिंसेवर शंभराहून अधिक! आणि त्या यादीत पहिलं लक्षण कोणतं? अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. असा माणूस सन्मान झाला की पारध्याने घेरलेल्या हरणासारखा कासावीस होतो. दुसरं लक्षण अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. पेरलेलं बी झाकणारा शेतकरी इथेच येतो. पुढे अज्ञानाची लक्षणं येतात. तिथे आपल्या विद्येचा पसारा मांडणारा आणि पुण्याची दवंडी पिटणारा माणूस भेटतो. तेही माझ्या वहीत होतं. माझ्याच अक्षरात, तारखेसकट. आणि मी त्याच ग्रंथाच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून दवंडी पिटली होती!

मी आबांना वहीतली ओळ वाचून दाखवली आणि स्टेटसची गोष्टही सांगून टाकली. ते जोरात हसले. म्हणाले, "बरोबर हाय. पेरल्यावर बी उघडं राह्यलं त पाखरं खाऊन टाकतात. मी बी तिथीच थांबलो व्हतो, पन समजून-उमजून नाही. पेरनीचे दिवस व्हते, वावरात जा लागलं, मंग पुस्तक राहूनच गेलं."

नंतर कळलं की आबांनी स्वतः मात्र गावच्या पारावर सगळ्यांना सांगितलं होतं, की आमच्या नातीनं ज्ञानेश्वरी वाचली. मी विचारलं, "मग आबा, ही दवंडी चालते का?" तर म्हणाले, "तुह्यं मी सांगीन. तू तुह्यं सांगू नको."

मग अभिमान बाळगायचाच नाही का?

या प्रश्नावर मी बराच विचार केला. कारण अभिमान अजिबात नसावा म्हणावं, तर ज्ञानेश्वरांचं काय? सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते म्हणतात की माझी भाषा मराठी असली, तरी तिची शब्दरचना मी अशी गोड करीन की ती अमृताशीही पैज जिंकेल. हा अभिमान नाही तर काय आहे? एकनाथांनी करवंटीचा दाखला दिला, तोही केलेल्या कामाची किंमत माहीत होती म्हणूनच.

मला जे समजलं ते असं. ज्ञानेश्वर भाषेचा अभिमान बाळगतात, स्वतःचा नाही. एकनाथ ग्रंथाचा अभिमान बाळगतात, संपादकाचा नाही. अभिमान कामाचा असला तर तो आपल्याला पुन्हा कामाकडे नेतो. अभिमान 'मी'चा असला तर तो आपल्याला स्टेटसला किती जणांनी बघितलं ते मोजायला लावतो. माझ्या '९०३३' मध्ये ग्रंथ नव्हताच, फक्त आकडा होता. एकही दृष्टांत मी त्या स्टेटसमध्ये लिहिला नव्हता, यावरूनच ओळखावं!

आणि ग्रंथ संपवणाऱ्याने काय करावं, हे ग्रंथाच्या शेवटीच आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस पसायदान येतं, नऊ ओव्यांचं. शाळेत आपण सगळ्यांनी ते म्हटलं आहे. कॉन्व्हेंटमध्ये नसेल तर गणपतीत तरी ऐकलं आहे. एवढं मोठं काम पुरं झाल्यावर त्यात मागणं आहे ते सगळ्या जगासाठी, स्वतःचं नाव व्हावं म्हणून नाही. पण ग्रंथ तिथे संपत नाही, हे मला वाचल्यावरच कळलं. त्यानंतर आणखी काही ओव्या आहेत. त्यांत ग्रंथ कुठे झाला, तेव्हा राज्य कुणाचं होतं (देवगिरीच्या रामचंद्र यादवाचं), गुरुपरंपरा कोणती, शक कोणता आणि लिहून घेणारा कोण, याची नोंद आहे. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमधलं अॅक्नॉलेजमेंट आपण इंटरनेटवरून कॉपी करून चिकटवतो. इथे सातशे वर्षांपूर्वी लेखनिकाचंही नाव सन्मानाने नोंदलेलं आहे. कठीण काम पुरं झाल्याचा अभिमान व्यक्त करायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही : ज्यांच्यामुळे झालं त्यांची नावं लिहा, तारीख लिहा आणि जे मागायचं ते सगळ्यांसाठी मागा.

शेवटी एवढंच

तुमचा कठीण ग्रंथ ज्ञानेश्वरीच असला पाहिजे असं नाही. तो ग्रेवाल असेल, एखादी रशियन कादंबरी असेल किंवा गेट परीक्षेसाठी घेतलेला जाडजूड रेफरन्स असेल. पण एक पुस्तक तरी पूर्ण वाचा. घेण्याआधी अनुक्रमणिका बघून घाट कुठे आहे ते मोजा. रोजचा वाटा ठरवा आणि तो लहान ठेवा. आठवड्यातून एकदा तरी त्या पुस्तकाबद्दल एका माणसाशी बोला. रोज दोन ओळी आपल्या शब्दांत लिहा. आणि संपल्यावर कुणीतरी मधलंच एखादं पान विचारलं, तर काय सांगाल ते स्वतःला विचारून बघा.

मी ते स्टेटस त्याच सकाळी काढून टाकलं. हा लेख म्हणजे दुसरी दवंडी नाही का, असं संपादकांनी विचारलंच. असेलही. पण यावेळी आकड्यापेक्षा फजिती जास्त सांगितली आहे, एवढी सूट मिळावी.

या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा आबांची ज्ञानेश्वरी पुन्हा सोडली. आबांना दिसत नाही, म्हणून मी वाचते आणि ते ऐकतात. जिथे तिकीट होतं तिथूनच सुरुवात केली. यावेळी अर्थ मी सांगायचा आणि चुकला तर त्यांनी दुरुस्त करायचा. ते बऱ्याचदा दुरुस्त करतात. सुट्टी संपली तेव्हा पंधरावा अध्याय चालू होता. मी ते तिकीट उचलून तिथे ठेवलं आहे. ग्रंथाच्या शेवटच्या पानावर, छापील मजकुराखाली थोडी कोरी जागा आहे. त्यावर तारीख, गाव आणि आम्हा दोघांची नावं लिहायची असं ठरलं आहे. अठरावा अजून दूर आहे, त्यामुळे ती जागा अजून कोरीच आहे.